वाट सर्वांची, नाका एकाचा

(जळगाव व धुळे जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



किलोग्रॅमवर कोणाचीही मालकी नाही. जळगावच्या बाजार समितीतील मापाडी असो की धुळ्याच्या पेठेतील सराफ, किलोग्रॅम हे एकक वापरल्याबद्दल त्याला कोणा मालकाला शुल्क भरावे लागत नाही, कोणा मालकाचा परवाना काढावा लागत नाही. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही विशेष आहे असे कोणास वाटत नाही. परंतु दशमान वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला व पुढील काही वर्षांत टप्प्याटप्प्याने अमलात आला. त्यापूर्वी एका पेठेतील शेर दुसऱ्या पेठेतील शेराशी जुळत नसे आणि मणही गावोगाव निराळा असे. माप अनिश्चित असले की त्याचा लाभ तागडी ज्याच्या हाती त्याला होतो आणि तोटा माल घेऊन येणाऱ्याला. म्हणूनच सर्वांसाठी एक माप ठरवणे हे केवळ सोयीचे काम नव्हते. ते दुर्बलाच्या बाजूने झालेले न्यायाचे काम होते.

खानदेशाला याच तत्त्वाचा दुसरा धडा रेल्वेने दिला. मुंबईहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग रुंदमापी आणि पाचोऱ्याहून जामनेरला जाणारा जुना मार्ग अरुंदमापी. दोन रुळांमधील अंतर निराळे, त्यामुळे एका मार्गावरचा डबा दुसऱ्या मार्गावर चालत नसे. पाचोऱ्याला माणसांनी गाडी बदलायची, मालही एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवायचा. मानक म्हणजे काय, हे यावरून समजते. निरनिराळ्या हातांनी बनवलेल्या वस्तू एकमेकींशी जुळाव्यात म्हणून सर्वांनी मान्य केलेला नियम म्हणजे मानक. तो नियम छापून प्रसिद्ध झाला आणि कोणालाही त्याप्रमाणे वस्तू बनवता आली, की त्याला खुले मानक म्हणतात.

आता समजा, रुळांमधील ते अंतर एखाद्या कंपनीच्या पेटंटखाली असते आणि साऱ्या देशात त्याच मापाचे रूळ पडल्यानंतर त्या कंपनीने प्रत्येक डब्यामागे पैसे मागितले असते, तर? नियम सार्वजनिक आहे, छापलेला आहे, कोणीही वाचू शकतो. मात्र त्याप्रमाणे वागायचे तर एकाच्या हातावर पैसे ठेवावे लागतात. वाट सर्वांची, पण तिच्यावरचा नाका एकाचा. आजच्या तंत्रज्ञानातील पेटंटांचा व परवान्यांचा प्रश्न नेमका हा आहे. तो दिल्लीच्या न्यायालयांतील वकिलांचा प्रश्न वाटतो, पण खानदेशच्या कपाशीच्या शेतात तो २००२ पासून उभा आहे.

शोधाचे मोल आणि जागेचे मोल

पेटंट म्हणजे शोध लावणाऱ्याला समाजाने ठरावीक मुदतीसाठी दिलेला एकाधिकार. भारतात ही मुदत २० वर्षांची आहे. त्या बदल्यात शोधकाने आपला शोध उघड करून सांगायचा आणि मुदत संपली की तो सर्वांचा व्हायचा, असा हा सौदा आहे. या सौद्यात मुळातच अन्याय आहे असे कोणी म्हणणार नाही. ज्या शोधाला पर्याय आहेत त्याची किंमत ते पर्यायच आटोक्यात ठेवतात. एका कारखान्याचा फवारणी पंप महाग झाला तर शेतकरी दुसऱ्या कारखान्याचा घेतो.

परंतु तोच शोध सर्वमान्य मानकात जाऊन बसला की पर्याय संपतात. त्या क्षणापासून त्याच्या किमतीत दोन अगदी भिन्न गोष्टी मिसळतात. एक म्हणजे शोधाचे मोल आणि दुसरे म्हणजे जागेचे मोल. शोधाचे मोल शोधकाच्या बुद्धीतून आणि श्रमांतून येते. जागेचे मोल मात्र समाज निर्माण करतो, कारण त्या वाटेने जायचे असे सर्वांनी ठरवलेले असते किंवा सर्वांना तसे भाग पडलेले असते. गावाबाहेरच्या पडीक जमिनीला लागून सरकारी रस्ता गेला की तिचा भाव चढतो. त्या चढलेल्या भावात जमीनमालकाच्या घामाचा थेंब नसतो. जमिनीच्या खंडाविषयी समाजवादी विचाराने जे शिकवले, तेच ज्ञानाच्या या नव्या मालमत्तेलाही लागू आहे. शोधाचे मोल शोधकाला मिळावे. जागेचे मोल त्याने समाजाकडून वसूल करावे काय, हा खरा प्रश्न आहे.

सरकीतला परवाना

जरीला, विरनार ही देशी कापसाची नावे खानदेशातील जुन्या पिढीला परिचित होती. त्या काळी शेतकरी सरकी राखून ठेवी आणि पुढल्या हंगामात पेरी. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी संकर-४ हा व्यापारी लागवडीसाठीचा जगातील पहिला संकरित कापूस तयार केला. ते सार्वजनिक पैशाने झालेले, अभिमानास्पद संशोधन होते. पण संकरित बियाण्याचे गुण पुढच्या पिढीत टिकत नाहीत, त्यामुळे बी दरवर्षी विकत घेणे आले. निसर्गाचाच हा नियम. त्यात कोणाचा डाव नव्हता. मात्र त्यामुळे सरकीच्या पाकिटाला कायमचे गिऱ्हाईक मिळाले.

२६ मार्च २००२ रोजी बोंडअळीला प्रतिकार करणाऱ्या बीटी कापसाला केंद्राच्या समितीने मंजुरी दिली. जालन्यात १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी स्थापन केलेली महिको आणि अमेरिकेची मोन्सँटो यांच्या समान भागीदारीतील महिको-मोन्सँटो बायोटेक ही कंपनी हे तंत्र देशात विकत होती. तिने देशातील अनेक बियाणे कंपन्यांना उपपरवाने दिले आणि प्रत्येक पाकिटामागे एक रक्कम आकारली. या रकमेला ‘ट्रेट व्हॅल्यू’ म्हणजे गुणधर्माचे मूल्य असे नाव होते. आरंभीच्या वर्षांत ४५० ग्रॅमचे पाकीट सुमारे १,६०० रुपयांना मिळे; त्यातील सुमारे १,२५० रुपये या गुणधर्माचे होते. म्हणजे सरकी पिकवणारा, ती साफ करून भरणारा, तिची वाहतूक करणारा आणि विकणारा या सर्वांच्या वाट्याला मिळून जेवढे येई, त्याच्या कितीतरी पट केवळ परवान्याकडे जाई.

या तंत्राने आरंभी फवारण्या कमी झाल्या आणि शेतकऱ्याने ते आपणहून स्वीकारले, हे नाकारण्याचे कारण नाही. साधारण दहा वर्षांत देशातील कापसाच्या ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर बीटी कापूस पसरला. त्याला कोणी ‘मानक’ म्हणून घोषित केले नव्हते. राजपत्रात तशी ओळ नव्हती. पण कृषी केंद्राच्या फळीवर दुसरे बियाणेच उरले नाही, म्हणजे बाजारानेच मानक ठरवून टाकले. लिहिलेल्या मानकापेक्षा असे न लिहिलेले मानक अधिक बळकट असते, कारण ते रद्द कोणी करायचे हेही लिहिलेले नसते.

या प्रकरणातील सर्वांत बोधप्रद बाब निराळीच आहे. बोलगार्ड-१ या पहिल्या पिढीच्या तंत्रावर भारतात पेटंट नव्हतेच. तरीही शुल्क वसूल होत राहिले, ते परवान्याच्या कराराने. नाका उभारायला दरवेळी पेटंटाचा दाखला लागतो असे नाही. वाट एकच उरली की कराराचा कागद पुरतो. बोलगार्ड-२ ला २००६ मध्ये मंजुरी मिळाली आणि त्याच्याशी संबंधित पेटंट २००८ मध्ये मिळाले.

राज्यसंस्था या काळात अगदीच स्वस्थ बसली होती असे नाही. २००६ च्या आरंभी आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारी नियंत्रण आयोगाकडे गेले. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने हे शुल्क अवाजवी असल्याचे अंतरिम मत दिले. त्यानंतर आंध्रने पाकिटाची किंमत ७५० रुपयांवर आणली आणि महाराष्ट्रासह इतर राज्यांनीही तोच मार्ग धरला. महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्याच्या पुरवठ्याचा व किमतीचा स्वतंत्र कायदा केला. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने दरनियंत्रणाचा आदेश काढला. मार्च २०१६ मध्ये बोलगार्ड-२ चे पाकीट ८०० रुपये आणि त्यातील गुणधर्माचे मूल्य ४९ रुपये ठरले. पुढे ते २०१८ मध्ये ३९, २०१९ मध्ये २० आणि २०२० मध्ये शून्यावर आले.

याच वर्षांत शेतात काय चालले होते? २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील कपाशीचे प्रचंड नुकसान केले. या अळीपुरते बोलगार्ड-२ चे संरक्षण तोवर निष्प्रभ ठरले होते. बोंड फोडावे तर आत अळी, आणि पाकिटाच्या किमतीत मात्र तिला मारण्याचे मूल्य समाविष्टच. शोधाचे मोल ओसरले तरी जागेचे मोल वसूल होत राहते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधून सापडणार नाही.

आणखी एक कटू सत्य ध्यानी घ्यावे लागेल. २०२० मध्ये गुणधर्माचे मूल्य शून्य झाले, पण पाकिटाची कमाल किंमत आदल्या वर्षी होती तीच, म्हणजे ७३० रुपये राहिली. नाका उठला, पण त्याचे २० रुपये वाटसरूच्या खिशात आले नाहीत. ते मधल्या बियाणे कंपन्यांकडे राहिले. परदेशी कंपनीविरुद्धच्या लढाईत देशी कंपनी जिंकली म्हणजे शेतकरी जिंकला, असे समजण्याची चूक चळवळीने करू नये. नुझिवीडू आणि मोन्सँटो यांच्यातील वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. एप्रिल २०१८ मध्ये तेथील खंडपीठाने पेटंटच रद्द ठरवले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय बाजूला सारून प्रकरण पुन्हा सुनावणीसाठी पाठवले. त्याच वर्षी पेटंटाची मुदत संपली आणि २०२१ मध्ये दोन्ही पक्षांनी आपसांत तडजोड केली. बीजावर पेटंट चालते काय, या मूलभूत प्रश्नाचे अंतिम उत्तर देशाला मिळालेच नाही. ज्यांच्यासाठी तो प्रश्न जगण्यामरण्याचा होता, ते शेतकरी त्या तडजोडीच्या बैठकीत नव्हते.

तीन शब्दांची कसोटी

मे २०१६ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने जनुकीय तंत्राच्या परवान्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांत म्हटले होते की मागेल त्या पात्र बियाणे कंपनीला ‘न्याय्य, वाजवी आणि भेदभावरहित’ अटींवर परवाना द्यावा, आणि गुणधर्माचे मूल्य पहिली पाच वर्षे पाकिटाच्या किमतीच्या १० टक्क्यांवर जाऊ नये. काही दिवसांतच हा आदेश मागे घेऊन केवळ मसुदा म्हणून चर्चेला ठेवला गेला. त्याच वर्षी मोन्सँटोच्या पुढील पिढीच्या कापसासाठीचा मंजुरीचा अर्ज मागे घेण्यात आला. नाक्यावरचा दर कमी करू म्हणताच पुढचा रस्ताच बांधणार नाही, असे सांगण्याची ताकद कोणाकडे असते, हे त्यावरून दिसले.

‘न्याय्य, वाजवी आणि भेदभावरहित’ हे तीन शब्द शेतीतले नव्हेत. ते दूरसंचाराच्या जगातून आले. एका कारखान्याचा मोबाइल दुसऱ्या कारखान्याच्या मनोऱ्याशी बोलू शकतो, कारण दोघेही एकच मानक पाळतात. ती मानके कंपन्यांचे अभियंते संस्थांच्या समित्यांत बसून ठरवतात, आणि त्याच कंपन्यांची पेटंटे त्या मानकांत समाविष्ट होतात. ज्या पेटंटाशिवाय मानक पाळताच येत नाही, त्याला मानकासाठी अनिवार्य पेटंट म्हणतात. नाकेवाल्याने अडवणूक करू नये म्हणून युरोपच्या दूरसंचार मानक संस्थेने १९९४ मध्ये धोरण ठरवले. त्यानुसार कंपनीने आपली अशी पेटंटे वेळीच उघड करावीत आणि परवाना न्याय्य, वाजवी व भेदभावरहित अटींवर देऊ असे वचन द्यावे.

वचन चांगले आहे. पण वाजवी म्हणजे किती, हे त्यात कोठेही लिहिलेले नाही. २०१३ मध्ये स्वीडनच्या एरिक्सन कंपनीने मायक्रोमॅक्सविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, तेव्हा हा प्रश्न भारतात आला. शुल्क मागितले गेले ते मोबाइलच्या विक्रीकिमतीच्या टक्केवारीने. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशीचा आदेश देताना साधा हिशेब मांडला. सव्वा टक्का दराने तीच चिप १०० रुपयांच्या फोनात बसवली तर शुल्क सव्वा रुपया आणि १,००० रुपयांच्या फोनात बसवली तर साडेबारा रुपये. चिप तीच, तिच्यातला शोध तोच. मग वाढीव पैसे कशाचे? फोनाचा पडदा, बॅटरी, कॅमेरा यांची किंमत वाढली, तिच्यावर हक्क सांगणारा त्यांचा निर्माता नव्हता. परवान्याच्या अटी गुप्त ठेवण्याच्या करारांवरही आयोगाने बोट ठेवले. एकाला सांगितलेला दर दुसऱ्याला कळत नसेल, तर भेदभाव झाला की नाही हे ताडून पाहायचे कसे?

दुसरी बाजूही ऐकावी लागते. मानकात बसलेले तंत्र वर्षानुवर्षे वापरायचे आणि परवान्याच्या वाटाघाटी लांबवत राहायच्या, असे काही फोन कंपन्यांनी केले. मार्च २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने लावा या कंपनीने एरिक्सनला २४४ कोटी रुपये भरपाई द्यावी असा निकाल दिला, त्यामागे हेच कारण होते. पण हे कोट्यवधी अखेर कोण देतो? फोन घेणारा. आणि फोन ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद ई-पीक पाहणीत मोबाइलवरून होऊ लागली. २०२५ च्या हंगामात हमीभावाने कापूस विकायचा तर शेतकऱ्याने सीसीआयच्या ‘कपास किसान’ या मोबाइल ॲपवर नोंदणी करणे आवश्यक ठरले. कपाशी पेरताना एक नाका लागत होता. आता ती विकायला निघाल्यावर दुसरा लागतो.

एकाच निकालात कापूस आणि मोबाइल

या दोन्ही वाटा एका ठिकाणी येऊन मिळाल्या. स्पर्धा आयोगाने २०१३ मध्ये एरिक्सनची आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये मोन्सँटोच्या गटाची चौकशी करण्याचे आदेश दिले होते. दोन्ही कंपन्या न्यायालयात गेल्या. १३ जुलै २०२३ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने दोन्ही प्रकरणांचा निकाल एकत्र दिला. पेटंटधारक परवाना देताना कसा वागतो याचा विचार पेटंट कायद्याखालीच व्हावा. त्यात स्पर्धा आयोगाला चौकशीचा अधिकार नाही, असा त्याचा आशय होता. पुढे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचे अपील फेटाळले.

वृत्तपत्रांनी या निकालाला थोडी जागा दिली आणि विषय मिटला. पण कार्यकर्त्याने त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. सरकीचे पाकीट आणि खिशातला फोन यांचा प्रश्न एकच आहे, हे या निकालाने आपोआपच सिद्ध केले. त्याचबरोबर बाजारातील बळाचा गैरवापर रोखण्यासाठी संसदेने जी संस्था उभी केली, तिच्या हातून ज्ञानाच्या बाजारातील हे बळ निसटले. उरला तो पेटंट कायदा. या कायद्यात उपाय नाहीत असे नाही. जनतेच्या वाजवी गरजा भागत नसतील किंवा वस्तू परवडणाऱ्या दरात मिळत नसेल, तर सक्तीचा परवाना देण्याची तरतूद त्याच्या ८४ व्या कलमात आहे. मार्च २०१२ मध्ये तिच्याच आधारे नॅटको कंपनीला बायरच्या कर्करोगावरील औषधाचा परवाना मिळाला आणि महिन्याचा सुमारे २ लाख ८० हजार रुपयांचा खर्च ८,८०० रुपयांच्या आसपास आला. कापसाच्या बाबतीतही एक विसरलेले उदाहरण आहे. जनुकीय बदलाने कापूस तयार करण्याच्या तंत्रावर ॲग्रासिटस या अमेरिकी कंपनीला भारतात मिळालेले पेटंट केंद्र सरकारने १९९४ मध्ये जनहिताच्या कारणावरून ६६ व्या कलमाखाली रद्द केले होते. म्हणजे शस्त्र आहे. पण ते उचलणारा हात लोकमताच्या दाबाशिवाय हलत नाही.

आक्षेप आणि उत्तर

यावर असा आक्षेप घेतला जातो की शुल्क मिळाले नाही तर संशोधन थांबेल आणि तोटा शेतकऱ्याचाच होईल. हा आक्षेप हसून सोडून देण्यासारखा नाही. सार्वजनिक संशोधनाची स्थितीही त्याला बळ देणारीच आहे. कृषी संशोधन परिषदेच्या संस्थांनी ‘बिकानेरी नरमा’ हा सरळ वाणाचा बीटी कापूस आणला. त्याचे बी शेतकऱ्याला राखून ठेवता आले असते. पण त्यात मोन्सँटोच्याच तंत्राचा अंश आढळला आणि तो मागे घ्यावा लागला. ज्या वाटेवर सार्वजनिक पर्याय उभा राहू शकला असता तेथे तो अशा रीतीने कोसळला, ही केवळ शास्त्रज्ञांची नामुष्की नव्हती. ती शेतकऱ्याची हानी होती.

परंतु या आक्षेपाचे उत्तर जागेचे मोल मान्य करण्यात नाही. संशोधनाचा खर्च आणि त्यावरील रास्त लाभ शोधकाला मिळालाच पाहिजे. तो मिळाल्यानंतरही केवळ दुसरी वाट नाही म्हणून जे घेतले जाते, त्याला संशोधनाचा मोबदला म्हणता येत नाही. तो खंड आहे. आणि ज्या क्षेत्रात पर्यायच उरू नये अशी रचना होते, तेथे पर्याय उभा करणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य ठरते. सार्वजनिक संशोधन दुबळे ठेवायचे आणि खासगी नाक्याला अपरिहार्य म्हणायचे, हा न्याय नव्हे.

सरकारचेच एक विसरलेले वचन

हे सारे अव्यवहार्य स्वप्न नाही, याचा पुरावा सरकारी दप्तरातच आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले. त्यात म्हटले आहे की सरकारने स्वीकारायच्या मानकाला आवश्यक असलेली पेटंटे त्या मानकाच्या संपूर्ण आयुष्यभर शुल्काविना उपलब्ध असावीत. मानक सांभाळणारी संस्था नफ्यासाठी चालणारी नसावी. आणि भारतीय भाषांना त्यात स्थान असावे. योग्य मानक न मिळाल्यास सूट देण्याची वाटही धोरणात ठेवलेली आहे, पण नियम आणि अपवाद यांचा क्रम बरोबर आहे. नागरिकाला सरकारशी व्यवहार करण्यासाठी कोणा कंपनीला शुल्क भरावे लागू नये, हे तत्त्व भारत सरकारने लेखी मान्य केले आहे.

मग हे तत्त्व कार्यालयातील कागदपत्रांपुरतेच का? जेथे जेथे सरकार नागरिकाला एखादी वाट सक्तीची करते, तेथे तेथे ते लागू झाले पाहिजे. ठिबक सिंचनाचे अनुदान हवे तर साहित्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह असावे लागते. हमीभाव हवा तर मोबाइल असावा लागतो. निकृष्ट नळ्या शेतकऱ्याच्या गळ्यात पडू नयेत म्हणून अशी अट हितकारकही असते. पण सक्ती सरकारने करायची आणि त्या सक्तीवरचे उत्पन्न खासगी पेटंटधारकाने घ्यायचे, ही व्यवस्था लोकशाहीत बसत नाही. कर बसवण्याचा अधिकार विधिमंडळाचा आहे, मानकसमितीत बसलेल्या कंपनीचा नव्हे.

चळवळीसमोरील काम

या विवेचनातून काही मागण्या सरळ निघतात. पहिली, सरकार जे मानक सक्तीचे करील त्यात समाविष्ट असलेली सर्व पेटंटे आधी जाहीर झाली पाहिजेत. जे पेटंट आधी उघड केले नाही, त्यावर मागाहून शुल्क मागण्याचा हक्क राहू नये. दुसरी, अशा मानकातील पेटंटे शक्यतो विनाशुल्क असावीत. जेथे ते अशक्य असेल तेथे शुल्काला कमाल मर्यादा असावी आणि ते ज्या भागात शोध वापरला त्याच्या किमतीवर मोजावे, संपूर्ण वस्तूच्या किमतीवर नव्हे. तिसरी, बियाणे असो की मोबाइल, परवान्याचे दर सार्वजनिक नोंदवहीत उघड असावेत. गुप्त दर आणि भेदभावरहित दर या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. चौथी, २०२३ च्या निकालाने पडलेली फट संसदेने कायदादुरुस्ती करून बुजवावी आणि स्पर्धा आयोगाला चौकशीचा अधिकार नि:संदिग्ध शब्दांत द्यावा. पाचवी, शुल्क कमी झाले तर ती कपात पाकिटाच्या किमतीत उतरली पाहिजे. मधल्या कंपनीच्या खिशात नव्हे. आणि सहावी, राहुरीच्या कृषी विद्यापीठापासून नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेपर्यंत सार्वजनिक संशोधनाला पुरेसा निधी मिळावा. शेतकऱ्याला राखता येईल असे सरळ वाणाचे बी हे त्याचे उद्दिष्ट असावे. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदलीचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला आहे. पण राखण्याजोगे बीच नसेल तर तो हक्क कागदावरच राहतो.

या मागण्या तांत्रिक वाटतील. सभेत घोषणा देण्याजोगे शब्द त्यांत नाहीत. परंतु वजनमापांचा प्रश्नही एके काळी तांत्रिकच वाटत होता. खानदेशातील कार्यकर्त्याने पेटंटाचा कायदा पाठ करण्याची गरज नाही. त्याने पाकिटावरच्या किमतीचा हिशेब मागायला शिकावे, सरकारी अट दिसली की तिच्यामागे कोणाचा नाका आहे हे विचारायला शिकावे, आणि तालुक्याच्या कृषी कार्यालयापासून विधानसभेपर्यंत तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारीत राहावे. ज्ञान मोकळे असावे ही भाबडी इच्छा नव्हे. ज्या वाटेने सर्वांना जाणे भाग आहे, ती सर्वांच्या मालकीची असली पाहिजे, एवढाच तिचा अर्थ आहे. किलोग्रॅमच्या बाबतीत हे देशाने मान्य केले. बीजाच्या आणि मोबाइलच्या बाबतीतही ते मान्य करून घेणे, हे आजच्या चळवळीचे काम आहे.